फादर हेरास आणि झेवियर्समधली तेहतीस वर्षं: एक प्रकरण अभ्यास

१९२२च्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाचे एक चौतीस वर्षांचे धर्मगुरू मुंबईत उतरले आणि धोबी तलावजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवू लागले. त्यांचं नाव एनरिक हेरास. मुंबईत सगळे त्यांना फादर हेन्री हेरास म्हणत. ते येशूसंघ या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, म्हणजे जेझुइट. १४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. मधल्या तेहतीस वर्षांत त्यांनी विजयनगरावर आणि पल्लवांवर लिहिलं, गोव्यात उत्खनन केलं, सिंधू लिपी वाचायचा प्रयत्न केला, मूर्ती आणि हस्तलिखितं जमवली, भारतीय शैलीत ख्रिस्ती चित्रं काढणाऱ्या चित्रकाराच्या पाठीशी उभे राहिले. आणि हे सगळं एका संलग्न कॉलेजातली प्राध्यापकी करता करता.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे कॉलेजांच्या माहितीपत्रकात ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द सर्रास छापला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा घडतं ते एवढंच: वाणिज्य शाखेच्या मुलाला दोन श्रेयांकांचा इतिहासाचा पेपर मिळतो. म्हणून हेरासांची कारकीर्द नीट उलगडून पाहावीशी वाटते. धार्मिक संस्थेच्या चौकटीत, विद्यापीठाचा अभ्यासक्रम हातात नसताना, एका माणसाने इतिहास, पुरातत्त्व, लिपी, भाषा आणि कला एका जागी कशी आणली? त्या चौकटीने त्याला काय दिलं, आणि कुठे अडवलं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हेरासांनी वर्ग बदलला नाही, त्यांनी वर्गाशेजारी एक कार्यशाळा उभी केली. त्यांचे निष्कर्ष बरेचसे मागे पडले, कार्यशाळेतून बाहेर पडलेली माणसं आणि प्रश्न टिकले.

आले तेव्हाची परिस्थिती

झेवियर्सची स्थापना १८६९ची, जर्मन जेझुइटांनी केलेली. पहिल्या महायुद्धात हे जर्मन धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना नजरकैदेत ठेवलं गेलं, पुढे मायदेशी पाठवलं गेलं. चांगलं चाललेलं कॉलेज एकाएकी शिक्षकांवाचून उघडं पडलं. युद्धानंतर मुंबईचं काम स्पेनमधल्या जेझुइटांकडे सोपवण्यात आलं आणि त्या तुकडीबरोबर हेरास आले. म्हणजे भारताच्या ओढीने आलेला हा अभ्यासक नव्हता. संघाने पाठवलं, म्हणून आला.

कॉलेजात एक गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगितली जात राहिली. प्राचार्यांनी विचारलं, कोणता इतिहास शिकवाल? हेरास म्हणाले, भारताचा. भारताच्या इतिहासाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? काहीच नाही. मग शिकवणार कसा? शिकेन. शब्द नेमके असेच होते की नाही, हे महत्त्वाचं नाही. पुढच्या दोन वर्षांतलं त्यांचं काम पाहिलं की गोष्ट खरी वाटते.

दुसरी बाजू विद्यापीठाची. १८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवरचं होतं. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं, पदवी देणं ही विद्यापीठाची कामं, शिकवणं कॉलेजांचं. प्राध्यापकाने नेमलेलं पुस्तक शिकवायचं, मुलांनी त्याच्या नोट्स उतरवून घ्यायच्या. संशोधन होत होतं, पण बहुतेक कॉलेजाबाहेर. वि. का. राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव हिंडत होते. पुण्यात १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू झालं, १९१७मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. अस्सल कागद हाताळणारी मंडळी एकीकडे आणि पदवीचा इतिहास शिकवणारी दुसरीकडे. हेरासांच्या आधी ही दरी कोणाला दिसली नव्हती असं नाही. पण कॉलेजच्याच आवारात ती बुजवायची सोय कोणी फारशी केली नव्हती.

पहिला निर्णय: घरात काय आहे ते बघणं

नवख्या देशात, स्थानिक भाषा येत नसताना, चौतीस वर्षांचा शिक्षक सुरुवात कुठून करणार? हेरासांनी हाताशी होतं ते उचललं. सोळाव्या शतकापासून भारतात वावरणारे जेझुइट दरसाल रोमला पत्रं पाठवत. त्यांत दरबार आहेत, युद्धं आहेत, दुष्काळ आहेत, बाजारभाव आहेत. ही पत्रं पोर्तुगीज, स्पॅनिश, लॅटिन आणि इटालियन भाषांत. भारतातल्या बहुतेक इतिहासकारांना ती वाचता येत नव्हती, हेरासांना येत होती.

१९२४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त त्यांचा एक लेख आला. विषय होता अकबराने घेतलेला असीरगड. बुऱ्हाणपूरजवळचा हा किल्ला म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांचा शेवटचा आधार. जानेवारी १६०१मध्ये तो पडला. तो लढून पडला, फितुरीने पडला की दगा देऊन घेतला, यावर फारसी तवारिखा, म्हणजे दरबारी इतिहास, एक सांगतात आणि जेझुइट वृत्तान्त दुसरंच. हेरासांनी प्रत्यक्षदर्शीचा वृत्तान्त पुढे ठेवला. अकबराच्या छावणीत तेव्हा जेझुइट होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. मात्र त्यांचे स्वतःचे हितसंबंधही होते, म्हणून तो शब्द तपासूनच घ्यावा लागतो.

मला या निवडीत एक व्यावहारिक शहाणपण दिसतं. आंतरविद्याशाखीय काम म्हटलं की पुष्कळजण आधी दुसऱ्या शाखेची पुस्तकं वाचायला बसतात. हेरासांनी आपल्याजवळ असलेली आणि इतरांजवळ नसलेली एक किल्ली घेतली, एका दाराला लावून पाहिली, मग त्या दारातून पुढे गेले. आत गेल्यावर पत्रं पुरेनात तेव्हा शिलालेख आले, शिलालेखांपाठोपाठ मूर्ती आल्या, मूर्तींपाठोपाठ भाषा.

१९२७मध्ये आलेला त्यांचा विजयनगरच्या अरवीडू घराण्यावरचा ग्रंथ हे याचं चांगलं उदाहरण. सर्वसाधारण वाचकाच्या लेखी विजयनगर १५६५च्या तालिकोटच्या लढाईत संपतं. हेरासांनी त्यानंतरचा काळ घेतला. राजधानी हंपीहून हलते, पेनुकोंड्याला जाते, पुढे चंद्रगिरीला जाते, राज्य कमी होत जातं पण संपत नाही. चंद्रगिरीला दुसऱ्या वेंकटाच्या दरबारात जेझुइट गेले होते आणि तिथली हकीकत त्यांनी लिहून ठेवली होती. हेरासांनी ती पत्रं, दानपत्रं आणि तेलुगू-तमिळ साहित्यातले उल्लेख समोरासमोर मांडले. पत्रात राजाचं वय कळायचं, दानपत्रात तिथी कळायची, काव्यात दरबाराचा थाट कळायचा. इतिहासाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने हे पुस्तक आजही चाळावं. सगळे निष्कर्ष पटावेत असं नाही, पण तीन जातींची साधनं एका पानावर कशी उभी करतात ते त्यात दिसतं.

कार्यशाळा

१९२६ हे या प्रकरणातलं कळीचं वर्ष. त्या वर्षी हेरासांनी झेवियर्समध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्था सुरू केली. त्याच वर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवरचं त्यांचं छोटं इंग्रजी पुस्तक निघालं: साधन कसं शोधायचं, अस्सल-नक्कल कशी ओळखायची, टीप कशी द्यायची. आज हे सगळं पहिल्या सत्रात शिकवतात. तेव्हा मुंबईतल्या विद्यार्थ्याला ते सांगणारं फारसं कोणी नव्हतं.

संस्थेत ग्रंथालय होतं, वस्तुसंग्रह होता आणि हेरासांची खोली होती. मूर्ती, नाणी, मुद्रा, हस्तलिखितं, ख्रिस्ती कलेच्या वस्तू असं सगळं हळूहळू जमत गेलं. विद्यापीठाने पदव्युत्तर पदवी प्रबंधावर मिळवण्याची वाट मोकळी ठेवली होती आणि हेरासांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. अभ्यासक्रम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, प्रबंधाचा विषय सुचवणं मात्र होतं. संस्थेच्या ग्रंथमालेत विद्यार्थ्यांचे प्रबंध पुस्तकरूपाने निघाले. विद्यार्थ्याचं काम पदवीबरोबर कपाटात जात नव्हतं, छापलं जात होतं आणि त्यावर टीकाही होत होती. माझ्या मते हेरासांच्या अध्यापनातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

दोन विद्यार्थ्यांची नावं घ्यायलाच हवीत. पहिले जॉर्ज मोरायस. त्यांचा कदंब घराण्यावरचा ग्रंथ १९३१मध्ये याच मालेत आला आणि कर्नाटक-गोव्याच्या मध्ययुगाचा अभ्यास करणाऱ्याला तो अजूनही उघडावा लागतो. त्याच्या आगेमागे, १९२९ साली, हेरासांनी गोव्यात साष्टीतल्या चांदर गावी उत्खनन केलं. हे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. तिथे शिवमंदिराचा पाया आणि डोकं तुटलेला नंदी सापडला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात एक स्पॅनिश ख्रिस्ती धर्मगुरू शिवमंदिराचा पाया शोधतो आणि त्या राजघराण्याचा इतिहास त्याचा कॅथलिक विद्यार्थी लिहितो. या एका कामात ताम्रपट, उत्खनन आणि मूर्तिशास्त्र तिन्ही आलं.

दुसरे हसमुख धीरजलाल सांकलिया. मुंबईचे, झेवियर्सचे, मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. नालंदा विद्यापीठावरचा त्यांचा एम.ए.चा प्रबंध १९३४मध्ये पुस्तकरूपाने आला, त्याला प्रस्तावना हेरासांची. पुढे ते लंडनला गेले, परतल्यावर १९३९मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावं महाराष्ट्राच्या प्रागितिहासात आली ती सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. शातवाहनांच्या मागे जाऊन महाराष्ट्रात ताम्रपाषाणयुगातली शेतकऱ्यांची गावं होती, हे आज शाळेच्या पुस्तकात येतं. त्या वाटेचा एक आरंभ धोबी तलावच्या त्या संस्थेत आहे. सांकलियांना हेरासांनी घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. लंडनमधल्या शिक्षणाचा आणि त्यांच्या स्वतःच्या पायपिटीचा वाटा मोठा आहे. पण संस्कृतच्या मुलाला संहितेतून अवशेषांकडे वळवणारी जागा तेव्हा मुंबईत दुसरी कुठली होती, हे मला सांगता येत नाही.

शृंगेरीचा वाद

१९२९मध्ये हेरासांनी विजयनगरच्या आरंभाविषयी एक छोटं पुस्तक काढलं आणि दक्षिणेत खळबळ उडाली. परंपरा सांगते की १३३६मध्ये शृंगेरी मठाच्या विद्यारण्य स्वामींच्या आशीर्वादाने हरिहर आणि बुक्क यांनी विजयनगर वसवलं. हेरास म्हणाले, समकालीन शिलालेखांत विद्यारण्य संस्थापक म्हणून दिसत नाहीत. त्यांना संस्थापक म्हणणारी दानपत्रं नंतर रचलेली आहेत, आणि ही कथा सोळाव्या शतकात शृंगेरी मठाच्या वर्तुळात तयार झाली.

आता मांडणी कोण करतंय ते पाहा. परदेशी ख्रिस्ती धर्मगुरू हिंदू मठाच्या परंपरेला बनावट म्हणतो, तेही स्वातंत्र्यलढ्याच्या ऐन काळात, विजयनगर हे हिंदू अभिमानाचं प्रतीक होत असताना. उत्तरं आली, काही अभ्यासपूर्ण आणि काही नुसती चिडलेली. शृंगेरीचा १३४६चा शिलालेख पुढे केला गेला. त्यात संगम बंधूंनी, म्हणजे हरिहर, बुक्क आणि त्यांच्या भावांनी, मठाच्या भारती तीर्थांना दान दिल्याचं स्पष्ट आहे. म्हणजे राजघराणं आणि मठ यांचं नातं आरंभापासून होतं. यावर हेरासांचं म्हणणं असं की दान दिलं म्हणजे राज्य स्थापून दिलं असं होत नाही.

पुढे जर्मन इतिहासकार हर्मान कुल्के यांनी हाच प्रश्न नव्याने तपासला. विद्यारण्यांना संस्थापक ठरवणारी कथा नंतरची, हा हेरासांचा मुद्दा बऱ्याच अंशी टिकला. तिच्यामागे मठाने रचलेला बनाव आहे, हा त्यांचा सूर मात्र जास्तच कडक होता. परंपरा वाढतात, त्यांत नंतरची माणसं आपल्या गरजा ओततात. प्रत्येक वेळी त्यामागे कट असतोच असं नाही. साधनांची चिकित्सा हेरासांना उत्तम येत होती. परंपरेकडे सहानुभूतीने पाहणं या ठिकाणी कमी पडलं असं मला वाटतं.

आणि स्वतःच्या घराची चिकित्सा?

या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा आता येते. १९३३मध्ये हेरासांनी भारतातल्या जेझुइटांच्या धर्मांतर-धोरणावर पुस्तक लिहिलं. विषय स्वतःच्या संघाचा, लेखक त्या संघाचा व्रतबद्ध सदस्य, प्रकाशक त्याचीच संस्था. शिवाय त्या काळी जेझुइटाने लिहिलेलं पुस्तक वरिष्ठांच्या अनुमतीशिवाय छापलं जात नसे. शृंगेरीच्या कागदांना त्यांनी जो प्रश्न विचारला, ‘हे लिहून ठेवण्यात कोणाचा फायदा होता?’, तोच प्रश्न इथे त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाला विचारावा लागतो.

हा प्रश्न हवेतला नाही. चांदर ज्या साष्टीत आहे त्याच साष्टीत १५६७मध्ये देवळं पाडली गेली. त्याच साष्टीतल्या कुंकळ्ळीत जुलै १५८३मध्ये गावकऱ्यांनी जेझुइट धर्मगुरू रुडॉल्फ अक्वाव्हिवा आणि त्यांच्या सोबत्यांना ठार केलं. हे तेच अक्वाव्हिवा, जे त्याआधी अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून आले होते. चर्च त्यांना हुतात्मा मानतं. त्यानंतर पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून बोलावून कुंकळ्ळीच्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, मारलं, आणि कुंकळ्ळीत आज त्यांचं स्मारक आहे. जेझुइट पत्रांत पहिली बाजू तपशीलवार येते, दुसऱ्या बाजूच्या लोकांनी पत्रं लिहिलेली नाहीत. साधनांचा हा असमतोल हेरासांसारख्या पद्धतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला कळत नव्हता असं कोण म्हणेल?

मराठी वाचकाला याचा दुसरा ध्रुव माहीत आहे. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१मध्ये गोव्यातल्या इन्क्विझिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयावर, इंग्रजीत ग्रंथ लिहिला. प्रियोळकर गोव्याचे, फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणासारख्या जुन्या ख्रिस्ती मराठी साहित्याचे जाणकार. म्हणजे जेझुइटांनी मराठी-कोकणीसाठी केलेलं काम त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही दुसरी बाजू त्यांनी मांडली. हेरास आणि प्रियोळकर शेजारी ठेवून वाचले की धार्मिक संस्थेतल्या प्राध्यापकाच्या स्वातंत्र्याची सीमा नेमकी कुठे पडते ते कळतं. त्या संस्थेत शिवमंदिराच्या पायावर, पल्लवांच्या वंशावळीवर, नालंदेवर मोकळेपणाने लिहिता येत होतं. स्वतःच्या संघावर लिहिताना लेखणीला एक हात मागून धरलेला होता. तो हात वरिष्ठांचा होता की स्वतःच्याच श्रद्धेचा, याने फारसा फरक पडत नाही. मी हेरासांना यासाठी अप्रामाणिक म्हणणार नाही. आपल्याकडच्या जातीच्या, पक्षाच्या, कारखान्याच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत कोणत्या विषयावर प्रबंध होत नाहीत याची यादी केली, तर हे दुखणं एकट्या ख्रिस्ती कॉलेजांचं नाही हे लगेच लक्षात येईल.

मोहेंजोदडो

हेरास मुंबईत येऊन दोन वर्षं झाली तेव्हा, १९२४मध्ये, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. १९३१मध्ये मार्शल यांचे मोहेंजोदडोवरचे खंड आले आणि थोड्याच वर्षांत हेरास त्या मुद्रांनी पुरते झपाटले. उरलेलं आयुष्य बहुतांशी त्यात गेलं. १९५३मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात त्यांनी सिंधू लिपीची भाषा आदिद्राविड, म्हणजे आजच्या द्राविड भाषांची मूळ भाषा, मानली, मुद्रेमागून मुद्रा वाचली, आणि त्या वाचनावर एक भव्य इमारत उभारली: भारतातून पश्चिमेकडे, सुमेर-इजिप्तमार्गे थेट भूमध्य समुद्रापर्यंत पसरलेला एक लोकसमूह.

ही वाचनं आज कोणी स्वीकारत नाही. लिपी अजून उलगडलेली नाही, आणि ती लिपी आहे की नुसती चिन्हं, यावरही २००४पासून जोरात वाद आहे. हेरासांच्या पद्धतीतला दोष उघड होता. चिन्हाला अर्थ द्यायचा, अर्थाला द्राविड शब्द जोडायचा, वाक्य जुळलं की वाचन बरोबर मानायचं. आपण चुकतोय हे सांगू शकेल अशी कुठलीही कसोटी या साखळीत नव्हती. त्यांना मुद्रांत ‘आण’ नावाचा एकच परमेश्वर दिसला. आयुष्यभर एकेश्वरी धर्मशास्त्रात वाढलेल्या माणसाला पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीतही तोच दिसावा, यात मला आश्चर्य वाटत नाही. त्या काळच्या इतर विद्वानांना त्याच मुद्रांत वेद दिसत होते, शिव दिसत होता. जो तो आपलं घेऊन आत जात होता.

तरीही त्या ढिगाऱ्यातून एक गोष्ट टिकली. मुद्रांवर माशाचं चिन्ह वारंवार येतं. इतक्या वेळा मासळीचा हिशोब का लिहावा? हेरासांनी सुचवलं की द्राविड भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा आणि ‘मीन’ म्हणजेच तारा. तारा दाखवायला मासा काढला असावा. उच्चार सारखा असलेल्या शब्दाचं चित्र काढायचं, ही युक्ती इजिप्त आणि सुमेरच्या लिप्यांतही आहे. पुढे फिनलंडचे आस्को पार्पोला आणि तमिळनाडूचे इरावतम महादेवन या सिंधू लिपीच्या दोन अभ्यासकांनी हेरासांचं ऋण मान्य केलं. पार्पोलांनी तर त्याच धाग्यावर पुढचं काम रचलं. जुन्या तमिळमध्ये कृत्तिकांना ‘अरुमीन’, म्हणजे सहा तारे, आणि सप्तर्षींना ‘एळुमीन’, म्हणजे सात तारे, म्हणतात. मुद्रांवर सहा रेघा आणि मासा, सात रेघा आणि मासा अशा जोड्या आहेत. सिद्ध झालेलं नाही, पण सिंधू लिपीबद्दलच्या अनुमानांत हे सर्वांत दमदार अनुमानांपैकी एक आहे.

संपूर्ण उलगडा झाल्याचा दावा कोसळला, त्यातला एक अंदाज शिल्लक राहिला. मूल्यमापनाच्या तक्त्यात याला किती गुण द्यायचे? आजच्या पद्धतीने मोजलं तर हेरासांची शेवटची वीस वर्षं जवळजवळ वाया गेली असं दिसेल. विद्यापीठाच्या नियमित नोकरीतला प्राध्यापक इतका मोठा जुगार खेळू शकला असता का, हे मला शंकास्पद वाटतं. व्रतस्थ जेझुइटाला बढतीची चिंता नव्हती, घर चालवायचं नव्हतं, निवृत्तीनंतर कुठे जायचं हा प्रश्न नव्हता. कमाई संघाची आणि म्हातारपणही संघाचं. ज्या चौकटीने १९३३मध्ये लेखणी आवळली तिनेच इथे वीस वर्षांची सवड दिली.

साडी नेसलेली मारिया

अध्यापनाचा आणखी एक धागा वर्गाबाहेर गेला. भारतीय ख्रिस्ती माणसाने आपला ख्रिस्त युरोपीय का रंगवावा, हा प्रश्न हेरास विचारत होते. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकून आले आणि येशूच्या आईला, मारियेला, भारतीय वेषात, भारतीय अंगणात बसवू लागले. गोव्यातल्या अनेकांना ते रुचलं नाही. फोन्सेका पुण्याला आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. हेरासांनी त्यांना प्रोत्साहन दिलं, आणि झेवियर्समधल्या संस्थेत त्यांची चित्रं आहेत. गोव्यातल्या चर्चमधल्या भारतीय कारागिरीच्या वस्तू जमवणारा हा संग्राहक समकालीन चित्रकारापर्यंत पोहोचला, कारण त्याच्या लेखी इतिहास १७००मध्ये संपत नव्हता. धर्मनिरपेक्ष विद्यापीठातल्या इतिहासकाराला हा प्रश्न कदाचित पडलाच नसता, किंवा त्याने तो दुरून पाहिला असता. हेरासांसाठी तो घरातला प्रश्न होता. श्रद्धेने दृष्टी अडवली त्याचं उदाहरण वर आलंच, हे तिने दृष्टी दिल्याचं उदाहरण.

मागे काय उरलं

हेरासांनंतर संस्थेला त्यांचंच नाव देण्यात आलं. गोव्याचे फादर जॉन कोरिया-अफोन्सो यांनी काम पुढे नेलं. जेझुइट पत्रं हे भारतीय इतिहासाचं साधन म्हणून कितपत विश्वासार्ह, यावरचा त्यांचा अभ्यास १९५५मध्ये, हेरासांच्या निधनाच्याच वर्षी, निघाला. साधनाकडे साधन म्हणून थोडं लांबून पाहण्याचं काम शिष्यपिढीने केलं, हे मला फार समाधानाचं वाटतं. १९६४पासून संस्थेचं ‘इंडिका’ हे नियतकालिक सुरू झालं. १९८१मध्ये टपाल खात्याने हेरासांवर तिकीट काढलं. २०१०मध्ये झेवियर्स स्वायत्त झालं आणि हेरासांना जे कधी करता आलं नाही ते, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम आखणं, कॉलेजच्या हातात आलं.

हे प्रकरण वर्गात घ्यायचं असेल तर मी ते चार सत्रांत घेईन. पहिल्या सत्रात असीरगड: फारसी तवारीख आणि जेझुइट वृत्तान्त मराठीत करून मुलांसमोर ठेवायचे आणि किल्ला कसा पडला ते त्यांनाच ठरवू द्यायचं. दुसऱ्यात शृंगेरी: १३४६चा लेख आणि नंतरची दानपत्रं. तिसऱ्यात माशाची चिन्हं, आणि हा अंदाज खोटा ठरवायचा तर कोणता पुरावा लागेल याची चर्चा. चौथ्याला सर्वांत जास्त वेळ द्यायचा, कारण तिथे मुलं भांडतात आणि भांडायलाच हवीत: हेरासांचं १९३३चं पुस्तक आणि प्रियोळकरांचा १९६१चा ग्रंथ, दोन्हींतून साष्टीबद्दलचा मजकूर, आणि पहिल्या तीन सत्रांत शिकलेले सगळे प्रश्न दोघांनाही सारखेच लावायचे.